पतंगाला गाणं कोण शिकवतं?

येऊरच्या_पायथ्याशी · रविवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात उपवनजवळ राहतो. पावसाळ्यात रात्री आमच्या गॅलरीत पतंगांची नुसती झुंबड असते. काल लेकीच्या हट्टापायी (ती सहावीत आहे) जुनी पांढरी चादर कपड्यांच्या दोरीवर टाकली, मागे दिवा लावला आणि दोघं बसून राहिलो. दहा वाजेपर्यंत चादरीवर बोटभर जागा उरली नाही. त्यात नखाएवढा एक राखाडी पतंग होता. बसल्या जागी पंख इतक्या वेगाने थरथरवत होता की पंखांच्या कडाच दिसेनात. लेक म्हणाली, "बाबा, हा कुडकुडतोय का?" कधीतरी वाचलेलं आठवलं म्हणून मी म्हणालो, "नाही गं, गातोय. काही पतंग मादीला बोलवायला गातात. आपल्याला ऐकू येत नाही, इतकंच."

त्यावर तिने जे विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "पण त्याला गाणं शिकवलं कोणी?" खरंच की. कोषातून बाहेर येईपर्यंत बाप कधीच मेलेला असतो. आई तर गातच नाही. मग चाल येते कुठून? रक्तातूनच येते म्हणावं, तर ते शोधून कसं काढतात? जाणकारांनी सांगा. तिला काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून न्यायची माझी इच्छा नाही.

निशिगंध · रविवार, सकाळी ९.४२

शीर्षक वाचून मला वाटलं संक्रांतीच्या पतंगाबद्दल आहे. :) धागा आवडला, वाचतेय.

कळवेकर · रविवार, सकाळी १०.०५

आमच्या चाळीत एक काका होते, पतंग काटला की गायचे. पतंग गातो हे पहिल्यांदाच ऐकतोय.

गुणसूत्र · रविवार, सकाळी ११.३०

प्रश्न फार चांगला आहे, लेकीला माझी शाबासकी सांगा. मी नेरूळला राहतो. आनुवंशशास्त्र शिकवण्यात पस्तीस वर्षं गेली, त्यामुळे जरा लांबलचक लिहीन.

आधी एक दुरुस्ती. तुमच्या चादरीवरचा पतंग बहुधा गात नव्हता. लेकीचा अंदाज तुमच्यापेक्षा जवळचा आहे. उडण्याआधी पतंगाला छातीचे स्नायू तापवावे लागतात, त्यासाठी तो बसून पंख थरथरवतो. मिनिटाभरात उडाला असेल तर तेच. तासन् तास तिथेच बसून थरथरत होता का?

आता गाणाऱ्याबद्दल. या विषयावर ज्याचा सर्वांत बारकाईने अभ्यास झालाय तो म्हणजे लहान मेणपतंग, शास्त्रीय नाव अक्रोइया ग्रिसेला. पुढच्या पंखाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक बारीक पडदा असतो. तेलाच्या डब्याचं झाकण दाबलं की 'टक्' होतं आणि सोडलं की पुन्हा 'टक्', तसा हा पडदा पंखाच्या प्रत्येक वर-खाली हालचालीला वाजतो. आवाज साधारण ७० ते १३० किलोहर्ट्झचा. आपले कान तरुणपणी फार तर २० पर्यंत ऐकतात, माझे आता त्याहून बरेच खाली आलेत. नर रात्री सहा ते दहा तास असा वाजत राहतो, मादी आवाजाच्या रोखाने धावत येते. पतंग झाल्यावर दोघंही काही खात नाहीत. आयुष्य आठवडा-दोन आठवड्यांचं, त्यात शिकवणीला जागाच नाही.

येऊरच्या_पायथ्याशी · रविवार, सकाळी ११.४८

दोन मिनिटांत उडाला हो. म्हणजे लेकच बरोबर. सांगितलं तिला, स्वारी खूश आहे.

सातेरीवाला · रविवार, दुपारी २.१५

गुणसूत्र सर, तुमचा हा गायक माझा वैरी आहे.

खारघरच्या डोंगराजवळ मामांची वाडी आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे सातेरी मधमाश्यांच्या पाच पेट्या ठेवल्या. त्यातल्या दोन एकाकडून वापरलेल्या घेतल्या आणि तिथेच चुकलो, फटींमध्ये अंडी आधीपासूनच असणार. पावसाळ्यात एका पेटीतल्या वसाहतीचा जोर कमी झाला. सप्टेंबरात झाकण उघडलं तर चौकटीवर पोळं दिसेना, नुसतं पांढरं जाळं. बोटाने बाजूला केलं तर आत मेणाचा भुगा, खसखशीसारखी काळी विष्ठा आणि जाळ्याच्या बोगद्यातून मागे सरकणाऱ्या अळ्या. माशा उठून गेल्या होत्या. रात्री बॅटरी घेऊन गेलो तर पेटीच्या लाकडावर पिवळ्या डोक्याचे, चंदेरी राखाडी, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे पतंग. काही नुसते बसलेले आणि पंख फडफडवत होते, अर्धा तास पाहिलं तरी उडाले नाहीत. मी रागाने सगळे पुसून काढले. ते गात होते हे आज कळतंय.

पेट्या ठेवणाऱ्यांसाठी: वसाहत जोमदार ठेवा, पेटीचा तळपाट (खालची फळी) दर आठवड्याला झाडा, रिकामी पोळी उघड्यावर ठेवू नका. जुनं पोळं ठेवायचंच असेल तर उणे १५ अंशांना दोन तास फ्रीजरमध्ये टाका, अंडी-अळ्या सगळं मरतं.

वाशीची_माई · रविवार, दुपारी ३.००

सातेरीवाला, वाचून अंगावर काटा आला. माझ्या रव्याच्या बरणीत जाळी धरते ती याचीच का?

गुणसूत्र · रविवार, दुपारी ३.२०

माई, तो याचा नातेवाईक, तांदळातला पतंग, कॉर्सिरा. उसावरच्या खोडकिडीसाठी शेतकरी शेतात जी ट्रायकोकार्डं (खोडकिडीची अंडी संपवणाऱ्या मित्रकीटकाची कार्डं) लावतात ती याच्याच अंड्यांवर तयार करतात. आणि त्याचे नरही अल्ट्रासाऊंड, म्हणजे आपल्याला ऐकू न येणारा उंच आवाज काढतात.

वाशीची_माई · रविवार, दुपारी ३.२६

म्हणजे माझ्या फडताळात मैफल चालू आहे आणि मला पत्ता नाही!

षड्ज · रविवार, संध्याकाळी ६.४०

नौपाड्यात गाणं शिकवते, म्हणून राहवत नाही. पडदा टकटकण्याला 'गाणं' म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. गाणं गुरूकडून येतं, कान तयार होतो, चुकतं, सुधारतं. हा आवाज आहे, संकेत आहे. फार तर दारावरची थाप म्हणा. आणि 'गाणं रक्तातच असावं लागतं' या एका वाक्यापायी किती पालकांनी मुलांना बाजाच्या पेटीपासून उठवलंय ते मी पाहिलंय. त्या वाक्याला पतंगाचा दाखला मिळायला नको.

निशिगंध · रविवार, संध्याकाळी ७.०५

षड्जताई, शेवटच्या वाक्याला पूर्ण सहमत. पण न शिकता येणारं गाणंही असतंच की. कोकीळ कावळ्याच्या घरट्यात वाढतो, कानावर दिवसभर कावकाव, तरी वसंतात 'कुहू'च करतो. पावशा सातभाईंच्या घरट्यात वाढतो आणि मोठा झाला की 'पेरते व्हा'. त्यांना कोणी शिकवलं? दयाळाचं मात्र उलट, तो आजूबाजूचे आवाज उचलतो. आमच्या सोसायटीतला दयाळ चक्क दुसऱ्या पक्ष्यांच्या ताना घेतो.

ऐरोलीकर · रविवार, रात्री १०.५०

माझ्याकडे बॅट डिटेक्टर आहे. फोनला लावायचा छोटा माइक असतो, वटवाघळांचे आवाज आपल्याला ऐकू येतील इतके खाली आणतो. खाडीकडेच्या रस्त्यावर दिव्यांखाली पाकोळ्या (गावी आम्ही लहान वटवाघळांना पाकोळ्याच म्हणतो, राज्य फुलपाखरू झालेली राणी पाकोळी वेगळी) रोज ऐकतो. नुसत्या फोनच्या माइकने हे होत नाही, तो २० किलोहर्ट्झच्या थोडं पुढे जाऊन थांबतो.

यातली गंमत अशी की बऱ्याच पतंगांना कान असतात आणि त्यांना पाकोळ्यांची चाहूल लागते. घरी करून बघा: दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगाजवळ किल्ल्यांचा जुडगा जोरात खुळखुळवा. किल्ल्यांच्या आवाजात अल्ट्रासाऊंड असतो. काही पतंग एकदम खाली कोसळतात किंवा गिरकी घेतात, त्यांना वाटतं पाकोळी आली. मोठ्या मेणपतंगाचा कान तर ३०० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो असं २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या लोकांनी मोजलं. इतक्या वरचं कुठलं वटवाघूळ ओरडत नाही.

येऊरच्या जंगलात जाऊन ऐकावं तर रात्री वनखात्याच्या नाक्यापलीकडे असंच जाता येत नाही, आणि जाऊही नये.

अनघा_घणसोली · सोमवार, सकाळी ८.१५

मग मेणपतंगाच्या मादीला कसं कळतं की हा नवरा आहे, पाकोळी नाही?

ऐरोलीकर · सोमवार, सकाळी ८.४०

ठोक्यांच्या वेगावरून. भक्ष्य शोधत फिरणारी पाकोळी सावकाश ठोके टाकते. मेणपतंगाचे जोड-ठोके सेकंदाला ऐंशी-शंभरच्या घरात. संथ आला तर मादी थिजते, जलद आला तर धावते.

पण सगळ्या जातींत असं सरळ नसतं. सोयाबीनवरची ती स्पोडोप्टेरा अळी माहीत असेल, तिचा पतंग. जपानमध्ये नाकानो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्याच्या मादीला नराचा आवाज आणि वटवाघळाचा आवाज यात फरकच करता येत नाही. ती घाबरून थिजते आणि नर तेवढ्यात जुळणी साधतो. त्यांनी त्याला फसवं गाणं म्हटलंय. मक्यावरच्या खोडकिड्याचा नर याच्या उलट, मादीच्या कानाशी इतक्या हळू कुजबुजतो की शेजारच्या नरालाही पत्ता लागू नये. पंखावरचे खास खवले छातीवर घासून तो आवाज काढतो.

अनघा_घणसोली · सोमवार, सकाळी ८.४६

फसवं गाणं वाचून वाईट वाटलं. कुजबुजणारा आवडला.

येऊरच्या_पायथ्याशी · सोमवार, सकाळी ९.३०

सगळंच सुरेख चाललंय. फक्त चाल येते कुठून हे अजून कळलेलं नाही. सर, आज वेळ आहे का?

गुणसूत्र · सोमवार, दुपारी १२.२०

आहे. सावकाश वाचा.

एका मोठ्या वाड्यातली साठ नातवंडं ओळीने उभी करा. काहींचे डोळे घारे. आता बघायचं की घाऱ्या डोळ्यांच्या मुलांना आजोबांकडून आलेला गुणसूत्राचा कोणता तुकडा सगळ्यांत समान आहे, जो काळ्या डोळ्यांच्या मुलांत नाही. तो सापडला की डोळ्यांचा रंग ठरवणारं काहीतरी त्याच तुकड्यात आहे असं म्हणता येतं. नेमकं जनुक नाही कळत, पण गल्ली कळते. या पद्धतीला क्यूटीएल मॅपिंग म्हणतात.

मेणपतंगावर हे काम फ्रान्समधल्या टूरच्या गटाने केलं, मायकेल ग्रीनफील्ड त्यात होते. २०१२ मध्ये ते छापून आलं. नात्यातच पिढ्यानपिढ्या जुळवलेली घराणी घेतली, त्यांचा संकर केला, पुढच्या पिढीतल्या नरांची गाणी मोजली: ठोक्यांचा वेग, जोर, वगैरे. आणि माद्यांची आवड मोजली. आवड मोजायची म्हणजे स्पीकरवरून गाणं वाजवायचं आणि मादी कोणत्या गाण्याकडे धावते ते बघायचं. सगळ्यांची गुणसूत्रं तपासली.

निष्कर्ष असा. गाण्यासाठी एकच जनुक नाही. बरेच तुकडे आहेत, प्रत्येकाचा वाटा मध्यम. अपवाद एकच: एका जागेचा ठोक्यांच्या वेगावर मोठा प्रभाव आहे. आणि मादी नेमकी त्या वेगावरच भाळते.

आता लेकीच्या प्रश्नाचं उत्तर. आई गात नाही, पण गाण्याची जनुकं तिच्याकडेही असतात. तिच्याकडे वाद्य नाही म्हणून ती वाजत नाहीत. ती ती मुलाला देते. म्हणजे मुलाच्या चालीचा निम्मा भाग आयुष्यात एकदाही न गायलेल्या आईकडून येतो, आणि तिलाही तो तिच्या न ऐकलेल्या आजोबांकडून आलेला असू शकतो.

वाशीची_माई · सोमवार, दुपारी १२.४५

सर, हे वाचून थांबले. माझी आई ओव्यासुद्धा मोठ्याने म्हणायची नाही, घरात चालायचं नाही. माझा भाऊ मात्र भजनी मंडळात पहिला. आम्ही कायम म्हणायचो, वडिलांचा गळा आलाय. माणसाचं वेगळं असतं हे कळतं मला. तरीही.

षड्ज · सोमवार, दुपारी १.१०

माई, नमस्कार तुमच्या आईंना.

अनघा_घणसोली · सोमवार, दुपारी २.०५

सर, मग आवड? जलद ठोक्यांची आवड मादीत आहे, तर तिचा मुलगा ती आवड घेऊन फिरतो पण वापरत नाही, असंच ना? आणि जलद गाणारा बाप व जलद आवडणारी आई यांच्या मुलात दोन्ही एकत्र आले, तर पिढ्यानपिढ्या गाणं जलदच होत जाईल. थांबेल कसं?

गुणसूत्र · सोमवार, दुपारी ४.३०

अनघाताई, हा विचार रोनाल्ड फिशर यांनी १९३० मध्ये मांडला. मोराच्या पिसाऱ्यासारखी टोकाची रूपं अशी घडतात असं त्यांचं म्हणणं. गाण्याची आणि आवडीची जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी बसली असतील तर ही गाडी आणखी वेगाने धावेल. हवाईच्या लाउपाला रातकिड्यांत तसं बऱ्याच ठिकाणी सापडलं. मेणपतंगात लोकांना तेच अपेक्षित होतं. सापडलं नाही. गाण्याचे तुकडे आणि आवडीचे तुकडे शेजारी बसलेले दिसले नाहीत. म्हणून त्या गटाने म्हटलं की इथे गाडी बेताने चालत असावी. मला हा निकाल फार आवडतो. अपेक्षेविरुद्ध आला आणि त्यांनी तो तसाच मांडला.

जाता जाता: पतंगांत लिंगगुणसूत्रं (नर की मादी हे ठरवणारी) आपल्या उलट असतात. नर झेड-झेड, मादी झेड-डब्ल्यू. मुलीला झेड फक्त बापाकडून मिळतं. शिवाय आईची गुणसूत्रं मुलांकडे जाताना आपसात तुकडे बदलत नाहीत, अख्खीच्या अख्खी जातात. अदलाबदल फक्त बापाच्या बाजूने. नकाशा काढणाऱ्यांना याचा मोठा उपयोग होतो. युरोपातल्या मक्याच्या खोडकिड्यात मादीचा गंध ठरवणारं जनुक बाराव्या गुणसूत्रावर आणि नराला कोणता गंध आवडावा हे ठरवणारं झेडवर आहे. तिथेही संदेश एका घरात आणि कान दुसऱ्या घरात. कान कसला, नाकच म्हणा.

कळवेकर · सोमवार, संध्याकाळी ५.००

सर, तुमच्या वर्गात बसायला हवं होतं. मी बारावीला जीवशास्त्र सोडलं ते आज दुखतंय.

षड्ज · सोमवार, रात्री ९.१५

वाचलं, दोनदा वाचलं. 'गाणं' या शब्दावरची माझी हरकत कायम, पण थोडी मऊ झाली. एक विचारते. दोन भावंडांचा गळा सारखा, पण एक खोलीत दमट हवेत वाढला, एक डोंगरावर, तर सूर वेगळा लागतो. पतंगाला असं काही नाहीच का? सगळं जन्मतःच ठरलेलं?

गुणसूत्र · मंगळवार, सकाळी १०.००

ताई, नेमक्या जागी बोट ठेवलंत. याच मेणपतंगावर ग्रीनफील्ड यांच्या कॅन्ससमधल्या गटाचं २०००चं काम आहे. एकाच घराण्याच्या अळ्या वेगवेगळ्या परिस्थितीत वाढवल्या. एका परिस्थितीत जे घराणं मादीला सगळ्यांत आवडणारं, तेच दुसऱ्या परिस्थितीत मागे पडलं आणि मागचं पुढे आलं. म्हणजे 'उत्तम गाण्याची जनुकं' अशी कायमची यादी करता येत नाही. कोणत्या पोळ्यात, कोणत्या हवेत, यावर यादी बदलते. एकाच प्रकारच्या गाण्याने बाकीची पुसून टाकलेली नाहीत, इतकी विविधता टिकून आहे, त्याचं हे एक कारण असावं. तुमच्या पालकांना पतंगाचा दाखला द्यायचाच असेल तर हा द्या.

षड्ज · मंगळवार, सकाळी १०.२०

हा देईन. मनापासून आभार.

ऐरोलीकर · मंगळवार, सकाळी ११.००

आणि गाणं हरवतंही. हवाईच्या कावाई बेटावर रातकिड्यांच्या आवाजाचा माग काढून एक परजीवी माशी त्यांच्यावर अळ्या सोडते. वीसेक पिढ्यांच्या आत तिथले नव्वद टक्क्यांहून जास्त नर मुके झाले. मार्लीन झुक यांनी २००६ मध्ये ते मांडलं. पंखावरची वाजायची रचनाच गेली, तीही एका जागच्या बदलाने. रात्री माशी असताना गाणं म्हणजे मरण. पण गात नसलेले नर माद्यांना भेटतात कसे, तर उरलेल्या थोड्या गाणाऱ्यांच्या जवळ जाऊन बसतात.

सातेरीवाला · मंगळवार, दुपारी १.३०

येऊरवाले, तुमच्या लेकीला ऐकवायचं का खरंखुरं? एक जुनं, किडलेलं पोळं मी फेकायचं राहिलंय. बंद डब्यात कोष आहेत, आता पतंग निघतायत. ऐरोलीकर डिटेक्टर घेऊन आले तर डबा मी आणतो. उघडायचा नाही, जाळीच्या झाकणाचा आहे, आणि काम झाल्यावर थेट फ्रीजरमध्ये. तुमच्या बाजूला कोणाच्या पेट्या नाहीत ना?

येऊरच्या_पायथ्याशी · मंगळवार, दुपारी १.४०

नाहीत. घर तुमचंच आहे, शनिवारी या.

येऊरच्या_पायथ्याशी · रविवार, सकाळी ८.३०

काल झालं. लिहिल्याशिवाय चैन पडेना.

आठ वाजता सगळे दिवे घालवले. डबा टेबलावर, जाळीवर लाल कागद लावलेली बॅटरी. पोळ्याच्या कडेला एक पिवळ्या डोक्याचा पतंग, शरीर जराही हलत नाही, पंखांची नुसती धूसर रेघ. ऐरोलीकरांनी माइक वीतभर अंतरावर धरला आणि आकडा वर नेत गेले. साठला काही नाही. ऐंशीला खरखर. शंभरच्या आसपास एकदम स्पष्ट, शिवणयंत्र शेजारच्या खोलीत चालावं तशी अखंड टर्रर्र. लेकीने श्वास रोखला होता. माझ्या लक्षात आलं की मीही.

मग सातेरीवाल्यांनी खिशातून किल्ल्या काढून हळूच एकदा खुळखुळवल्या. टर्रर्र बंद. पंख जागच्या जागी. काही क्षण गेले आणि पुन्हा सुरू झाली. ज्या माणसाची पेटी या पतंगांनी खाल्ली, तो माणूस पुढचा पाऊण तास डब्याला कान लावून बसला होता.

लेकीला सरांचं उत्तर सांगितलं, निम्मी चाल आईकडून. ती डब्यात वाकून बघत राहिली. मग विचारलं, "यातली आई कुठली?"

सातेरीवाला · रविवार, सकाळी ९.०५

पोळ्याच्या खालच्या बाजूला, न हलणारी, जरा मोठी. फ्रीजरमध्ये टाकायला आज सकाळपर्यंत हात झाला नव्हता. आत्ता टाकला.

वाशीची_माई · रविवार, सकाळी ९.३०

मला का नाही सांगितलंत? पुढच्या वेळी मी रव्याची बरणी घेऊन येते. थालीपीठंही आणीन.